पंक्चरच्या वीस रुपयांचा हिशेब

'पंक्चरवाला' हा शब्द गेल्या काही वर्षांत शिवीसारखा वापरला जाऊ लागला आहे. मोबाईलवर कोणाशी वाद झाला आणि समोरच्याचे नाव मुसलमानाचे निघाले की, मुद्द्याचे उत्तर देण्याऐवजी हा एक शब्द फेकला जातो. १४ एप्रिल २०२५ रोजी हरियाणातील हिसार येथील सभेत खुद्द पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिकपणे उपयोग झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चरे काढत आयुष्य घालवावे लागले नसते, अशा अर्थाचे विधान केले. त्यावर राजकारण करणाऱ्यांनी राजकारण केले, उत्तरे देणाऱ्यांनी उत्तरे दिली. वक्फचा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर लिहिणारे जाणकारही वेगळे आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी. आमची नजर पहिल्यांदा गल्ल्याकडे आणि खातेवहीकडे जाते. म्हणून या पानावर आम्ही एवढेच विचारू इच्छितो की, पंक्चर काढणे हा धंदा आहे की नाही? असेल तर त्यात येते किती, जाते किती, आणि जो माणूस पन्नास-साठ वर्षे हेच काम करतो त्याच्या हातात शेवटी उरते काय?

दुसऱ्यांच्या तोंडच्या शब्दाचे दुःख करण्यापूर्वी आपल्या घरातले शब्दही ऐकावेत. मुलगा अभ्यास करीत नसला की त्याची आई म्हणते, "पढ ले, नहीं तो पंक्चर बनाता बैठेगा." निकाहाची बोलणी सुरू असताना मुलाच्या बापाचे सायकलचे दुकान आहे असे कळले की, पाहुण्यांचा चहा लवकर संपतो. हजरत दाऊद अलैहिस्सलाम हाताच्या कमाईवर गुजराण करीत, हे मकतबमध्ये मुलांना शिकविणारे आपणच, आणि हाताने काम करणाऱ्याला मुलगी देताना मागे सरणारेही आपणच. बाहेरच्यांनी ही शिवी नव्याने घडविलेली नाही. ती आपल्या घरात तयार पडलेली होती, त्यांनी फक्त उचलली.

आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही, पण नागपूरचा कापडधंदा एके काळी सायकलवर चालत असे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. ती चालू असताना पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघे आणि रस्ता ओलांडावयास जागा मिळत नसे. मोमीनपुऱ्याचा विणकर तयार लुगड्यांचा गठ्ठा कॅरिअरला बांधून बाजारात येई आणि त्याच सायकलवर सुताची बंडले घेऊन परत जाई. गांधीबागेतून फेरीवाले पहाटे निघत. पन्नास-साठ किलो कापडाची गठडी मागे, पाण्याची बाटली पुढे, आणि रस्ता कामठीचा, कळमेश्वरचा, मौद्याचा किंवा पारशिवनीचा. आठवडी बाजार करून रात्री ते आमच्या दुकानी हिशेबाला येत. आमच्या वडिलांच्या वहीत अशा फेरीवाल्यांची दोन पाने भरून नावे होती, आणि त्या उधारीतून बुडालेली रक्कम फारच थोडी. मोटारीवाल्या गिऱ्हाइकांबद्दल असे म्हणता येणार नाही. असो.

ही सारी वाहतूक ज्यांनी सांभाळली ते सायकल मिस्त्री. कापडाचे ओझे वाहणारी सायकल साधी ठेवून चालत नसे. मागच्या चाकाला जाड स्पोक टाकावे लागत, कॅरिअरला लोखंडी पट्टीचा जादा आधार द्यावा लागे, स्टँड दुहेरी बसवावा लागे. काळ्या जुन्या पद्धतीच्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, ते का, हे आम्हांला लहानपणी एका मिस्त्रींनीच समजावून सांगितले होते. वजन मागच्या चाकावर पडते, म्हणून तेथे आठ स्पोक जास्त. कारखान्यात हिशेब करणाऱ्याने तो केला असेल, पण मिस्त्रीला तो बोटांनी माहीत असतो.

हे मिस्त्री आजही मोमीनपुऱ्याच्या आमच्या बाजूला दुकान चालवितात. वय सत्तरीच्या पुढे. बाराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली हवा भरावयास बसले ते आजतागायत. मोहल्ला त्यांना मिस्त्रीचाचा म्हणतो. त्यांनी आयुष्यात मोटारसायकल घेतली नाही, आणि घेण्याची ऐपत नव्हती असेही नाही. त्यांच्याकडे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात तयार झालेली एक सायकल आहे. तो कारखाना १९८० साली सरकारच्या ताब्यात गेला आणि पुढे बंदही पडला, पण ही सायकल चालू आहे. दर रविवारी फज्रनंतर ते ती काढतात. कधी कामठी, कधी अंबाझरी, आणि थंडीत एकदा तरी रामटेक. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर पडतात. या वयात इतके कशाला, असे आम्ही एकदा विचारले. ते म्हणाले, "सेठ, सायकल बोलती है. हफ्ताभर दूसरों की सुनता हूं, इतवार को अपनी सुनता हूं."

यात शायरी काही नाही. बेअरिंगचा एक छर्रा फुटला तर पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा बारीक 'कट्' असा आवाज येतो, चेन सैल असेल तर चढावर वेगळा, आणि मडगार्डची पट्टी घासत असेल तर वेगळा. जो स्वतः रोज सायकलवर बसतो त्याला हे आवाज वेगळे काढता येतात. ज्याने बसणे सोडले तो अंदाजाने सुटे भाग बदलत जातो आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी मारतो. ओव्हरहॉलिंग झालेली सायकल मिस्त्रीचाचा स्वतः चौकापर्यंत चालवून आणल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत. १९२३ साली मुंबईहून सायकलवर जगाच्या फेरीस निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तीन पारशी तरुण १९२८ साली सुमारे ७१ हजार किलोमीटर करून परतले. वाळवंटात आणि जंगलात त्यांना मिस्त्री कोठून मिळणार? चालविणारा आणि दुरुस्त करणारा एकच असला तरच अशी मजल मारता येते.

आता ज्या कामाची शिवी झाली ते काम किती आहे, ते पाहू. रबरी हवेचे टायर १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तयार केले, आणि त्याच दिवसापासून पंक्चरही जन्मास आले असे म्हणावयास हरकत नाही. टायरची एक कड रिमच्या बाहेर काढावयाची, ट्यूब ओढावयाची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवावयाची, बुडबुडा दिसला की तेथे खूण करावयाची. जागा कोरडी करून कानशीने घासावयाची. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटणार नाही इतके सुकू द्यावयाचे. घाईचा मिस्त्री येथेच फसतो. ओल्या सोल्युशनवर लावलेली चकती मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की, सुटून येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावयाचा. आमच्याकडे बाभळीचा काटा फार. तो टायरमध्ये तसाच राहिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ते बोट फिरविणे पाहून मिस्त्री किती पाण्यात आहे ते कळते. पंधरा-वीस मिनिटांचे हे काम, आणि आमच्या भागात त्याचे वीस रुपये.

चाकाचा आऊट काढणे तर याहून नाजूक. चाक फिरवावयाचे, रिम कोठे डाव्या-उजव्या बाजूला झुकते ते ब्रेकच्या रबराजवळ डोळा लावून पाहावयाचे, आणि एका बाजूचा स्पोक पाव फेरा कसून दुसऱ्या बाजूचा तितकाच सैल करावयाचा. एक ओढला की शेजारचे चार हलतात. घाई केली तर चाक जिलबीसारखे होते. ताग्याचा काठ सरळ ठेवण्यासाठी विणकराला दोन्ही बाजूंचा ताण सांभाळावा लागतो, तशातला प्रकार. विणकराच्या घरचा मुलगा हे काम लवकर शिकतो असे मिस्त्रीचाचांचे मत आहे. अर्ध्या तासाच्या या कामाचे पन्नास रुपये.

आम्ही एके दिवशी त्यांच्या दुकानी बसून कागदावर हिशेब मांडला. दहा पंक्चरांचे २०० रुपये. दोन चाकांच्या आऊटचे १००. एका ओव्हरहॉलिंगचे ३५०. ब्रेक, चेन, पेडल अशा किरकोळ मजुरीचे १००. ट्यूब-टायर आणि सुट्या भागांवरील नफा १५०. एकूण ९०० रुपये. यातून सोल्युशन, चकत्या, ग्रीस, रॉकेलऐवजी आता वापरावे लागणारे डिझेल यांचे ८०, जागेचे भाडे आणि वीज मिळून १००, हाताखालच्या पोराचे २५०. म्हणजे ४३० गेले आणि ४७० राहिले. महिन्यात २६ दिवस धरले तर १२ हजार २२०. हा बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानाचा चांगल्या दिवसाचा हिशेब आहे. पावसाच्या झडीत दोन-दोन दिवस बोहणी होत नाही ते वेगळे.

आता तोच कागद आम्ही उलटा करून पुन्हा लिहिला. काम तेवढेच, गिऱ्हाइके तेवढीच. पंक्चरचे २० ऐवजी ३०, आऊटचे ८०, ओव्हरहॉलिंगचे ५००, किरकोळ मजुरी १५०, नफा आहे तोच. एकूण १,२६०. खर्च वजा जाता ८३०, आणि महिन्याचे २१ हजार ५८०. म्हणजे दरमहा नऊ हजारांवर रक्कम केवळ दर न वाढविल्यामुळे जाते. हा पैसा कोणी चोरून नेत नाही; तो मिस्त्री गिऱ्हाइकाला फुकट वाटतो. आणि घेणारे गिऱ्हाईक कोण? जो स्कूटरच्या ट्यूबलेस टायरच्या पंक्चरला शंभर रुपये निमूटपणे देतो तोच सायकलच्या पंक्चरला वीसचे पंधरा करा म्हणून अडून बसतो.

येथे आमचा आणि मिस्त्रीचाचांचा मतभेद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. दोन वर्षांपूर्वी एक डॉक्टर आपली गिअरची महागडी सायकल घेऊन त्यांच्याकडे आले. शहरातील एका मोठ्या शोरूमने मागचे पूर्ण चाक बदलावे लागेल म्हणून त्यांना आठ हजारांचा अंदाज दिला होता. मिस्त्रीचाचांनी चाक फिरवून पाहिले, दोन स्पोक बदलले, आऊट काढला, चौकापर्यंत चालवून आणली आणि ऐंशी रुपये सांगितले. डॉक्टरांनी पाचशेची नोट दिली. चाचांनी चारशे वीस मोजून परत केले. आम्ही तेथेच होतो. डॉक्टर गेल्यावर आम्ही म्हणालो की, त्यांनी खुशीने दिले होते, ठेवावयास काय हरकत होती? ते म्हणाले, "जितना काम, उतना दाम." आम्ही म्हणालो की, काम अर्ध्या तासाचे नव्हते, काम साठ वर्षांचे होते, ते अर्ध्या तासात दिसले एवढेच. त्यांनी मान हलविली, पण ती 'हो' म्हणून की 'जाऊ द्या' म्हणून, ते कळले नाही.

त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दर वाढविला तर महानगरपालिकेच्या शाळेत जाणारा मुलगा, पेपर टाकणारा पोरगा, कॅन घेऊन फिरणारा दूधवाला, यांनी कोठे जावे? त्यांच्यासाठी दहा रुपये हे दहा रुपयेच असतात. ही चिंता करणारा दुकानदार आज बाजारात शोधून सापडत नाही, आणि म्हणून आम्हांला त्यांच्याबद्दल आदर आहे. परंतु व्यापाराला यावर तोडगा माहीत आहे. कापडात लठ्ठ्यावर आणि रेशमावर आम्ही सारखा नफा धरीत नाही. लठ्ठा गरिबाच्या घरी जातो, कफनालाही लागतो, त्यावर नाममात्र नफा. रेशमाचे गिऱ्हाईक वेगळे. तद्वत शाळेच्या आणि रोजीरोटीच्या सायकलीला एक दर आणि शौकाच्या सायकलीला दुसरा दर, असा सरळ फलक लावावा. यात कोणाची फसवणूक नाही. दर आधी लिहिलेला असला की घासाघीसही होत नाही.

कारण शौकाची सायकल आता आली आहे, आणि ती मोठ्या संख्येने आली आहे. सायकलचे दिवस संपले असे म्हणणारे अर्धेच खरे बोलतात. सोनीपतच्या ॲटलस कंपनीने ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना बंद केला, ही दुःखाची बातमी होती. परंतु त्याच वर्षी टाळेबंदी उठल्यावर दुकानांत सायकली मिळेनाशा झाल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत देशातील शेकडा ४५ च्या आसपास कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर-मोटारसायकल शेकडा २१ कुटुंबांकडे. सायकल उत्पादनात चीनच्या खालोखाल आपलाच देश आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच हजार मूळ किमतीच्या सायकलीवर यामुळे ३५० रुपये वाचतात. हे ३५० रुपये दुरुस्तीच्या बाजारात यावेत, असे कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात येईल.

सकाळी सहा वाजता फुटाळा, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला जाऊन पाहावे. पंचवीस हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंतच्या सायकली रांगेने जाताना दिसतात. नागपूरचेच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांवर किलोमीटरची शर्यतही पार पाडली. त्यांचे पाहून या शहरातील कितीतरी लोक सायकलवर बसले. २०२० साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या सायकलविषयक स्पर्धेत पुढील वर्षी जी ११ शहरे निवडली गेली त्यांत नागपूर होते. रस्त्याच्या कडेला सायकलचे पट्टे आखले गेले. त्या पट्ट्यांवर गाड्या उभ्या राहतात, हे नागपूरकरांना सांगावयास नको. पण आमची तक्रार दुसरी आहे. पट्ट्यांचा विचार झाला, भाड्याच्या सायकलींचा झाला, मिस्त्रीचा कोणी केला नाही. सायकल जेथे बिघडते तेथे मिस्त्री नसेल तर माणूस ती दोन महिन्यांत गॅलरीत उभी करतो आणि तिच्यावर कपडे वाळत घालतो.

मुलींना वाटलेल्या सायकलींचेही हेच. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्यास सुरुवात केली आणि शाळेत येणाऱ्या मुलींची संख्या वाढली, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात ग्रामीण भागातील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चांगले काम आहे. पण गावात मिस्त्री नसेल तर एका ट्यूबसाठी मुलीची शाळा बुडते. सायकल देताना गावागणिक एका तरुणाला हत्यारांची पेटी दिली असती तर खर्च फारसा वाढला नसता, आणि एक घर उभे राहिले असते.

सरकारी योजनांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. यात १८ व्यवसाय धरले आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, न्हावी, शिंपी, धोबी, हार करणारा, मासेमारीचे जाळे विणणारा आहे. सायकल मिस्त्री नाही. परंपरागत धंदे घेतले असे सांगितले जाते. सायकल या देशात येऊन शंभरावर वर्षे झाली. बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागीर्दाकडे हे काम तीन-तीन पिढ्या आले. आणखी किती वर्षे झाली म्हणजे परंपरा होते? आपल्या आमदार-खासदारांकडे आपण हज हाऊसचे आणि कब्रस्तानच्या भिंतीचे निवेदन घेऊन जातो. एकोणिसावा व्यवसाय म्हणून सायकल दुरुस्तीचा समावेश करा, असे निवेदन एकदा तरी न्यावे. ते केवळ मुसलमानांसाठी असणार नाही. नागपुरात या कामात सर्व समाजांची माणसे आहेत.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणारेही पथविक्रेते धरले आहेत. त्यामुळे फुटपाथवर पेटी मांडून बसणाऱ्या मिस्त्रीलाही प्रमाणपत्र मागता येते. बहुतेकांना हे माहीत नाही. प्रमाणपत्र असले की रस्ता रुंद होताना पेटी उचलून नेण्यापूर्वी निदान विचारणा तरी व्हावी लागते. या कामासाठी मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या मुलाने चार दिवस फॉर्म भरून दिले तरी पुष्कळ होईल.

कर्जाच्या बाबतीत व्याजाची अडचण आपल्याकडे अनेकांना वाटते आणि ती खोटी नाही. पण येथे लागणारी रक्कम इतकी लहान आहे की, बँकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. मिस्त्रीचाचांनी आतापर्यंत पाच शागीर्द तयार केले. एक मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये गेला, एक सौदीला, एक ई-रिक्षा चालवितो, एकाने धंदाच सोडला. पाचवा एका शोरूममध्ये पगारावर आहे. तो तेथे डिस्क ब्रेकमध्ये तेल भरतो, गिअर बसवितो, आणि त्याच्या एका दिवसाच्या कामाचे जे बिल होते ते त्याच्या आठवड्याच्या पगाराहून जास्त असते. हुनर त्याचे, हत्यारे मालकाची, फरक तेवढाच. गिअरच्या सायकलीचे काम चाचा पासष्टीनंतर याच शागीर्दाकडून शिकले. सुटीच्या दिवशी तो येई आणि उस्ताद समोर बसून विचारीत. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून 'आपली माणसे नवे शिकत नाहीत' असे कोणी म्हटले की आम्ही ऐकून घेत नाही.

राईट बंधूंनी १८९२ साली डेटन येथे सायकलचे दुकान काढले आणि १९०३ साली जे विमान उडविले त्याचे पंखे सायकलसारख्याच चेनने फिरत होते. इंग्लंडमधील मॉरिस मोटारीचे मालक विल्यम मॉरिस यांची सुरुवात ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करण्यापासून झाली. लुधियानाच्या हिरो कंपनीचे मुंजाल बंधू अमृतसरला सायकलचे सुटे भाग विकत होते. ही नावे आम्ही एवढ्यासाठी सांगतो की, निकाहाच्या बैठकीत चहा लवकर संपविणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावीत. त्या सर्वांना वेळेवर कोठून तरी भांडवल मिळाले, हेही त्यांच्याच चरित्रात आहे.

आमची सूचना अशी की, प्रत्येक बाजारातील दहा-पंधरा व्यापाऱ्यांनी मिळून कर्ज-ए-हसनाची एक लहान रक्कम बाजूला काढावी आणि ती केवळ हत्यारांसाठी द्यावी. रोख न देता हत्यारे घेऊन द्यावीत आणि रोजच्या गल्ल्यातून पन्नास रुपयांप्रमाणे परत घ्यावेत. वीस हजारांची पेटी धरली तर दहा तरुणांचे दोन लाख होतात. एका वलीम्याच्या जेवणावर आज यापेक्षा जास्त उडते. ज्याला पेटी मिळेल त्याने दोन अटी पाळाव्यात. दुकानात दराचा फलक लावावा आणि रोजचा जमाखर्च लिहावा, मग तो उर्दूत लिहो, मराठीत लिहो की आकड्यांच्या खुणांनी लिहो. जमाखर्च नसलेल्या दुकानात बरकत असली तरी ती मालकाला दिसत नाही.

गांधीबागेतील आम्ही काही व्यापाऱ्यांनी पहिल्या पेटीची यादी मिस्त्रीचाचांकडून लिहून घेतली आहे. चाकाचा आऊट काढण्याचा स्टँड, ॲलन कीचा संच, कॅसेट आणि फ्रीव्हील काढण्याचे पाने, चेन तोडण्याचे आणि तिची झीज मोजण्याचे हत्यार, गिअरचा हँगर सरळ करण्याचे हत्यार, डिस्क ब्रेकमध्ये तेल भरण्याचा संच, टॉर्क पाना, केबल कापण्याची कात्री आणि दाब दाखविणारा पायपंप. बाजारात दोन ठिकाणी भाव काढले. साडेअठरा हजारांच्या आसपास बसते. पेटी शोरूममधील त्या पाचव्या शागीर्दाला द्यावयाची असे ठरत आहे. चाचांच्या दुकानाशेजारची सहा फुटांची जागा रिकामी आहे आणि भाड्याचे बोलणे चालू आहे.